अपुऱ्या दिवसांचे लेकरू आणि घटनेचे कलम २१

रात्री साडेअकराला फोन वाजला. "जयभीम दादा. लेकराचं पोट लई फुगलंय. हिरवं हिरवं ओकतंय. दवाखान्यातले म्हनतात, आधी पैसे भरा, न्हाईतर दुसरीकडं न्या. काय करू?" फोन करणारा तरुण आमच्याच तालुक्यातला, ऊसतोडणीला जाणारा. त्याची लेक नऊ दिवसांची होती. वकिलाकडे लोक जमिनीचा वाद घेऊन येतात, अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन येतात. नऊ दिवसांच्या लेकराच्या आतड्याचे प्रकरण माझ्याकडे पहिल्यांदाच आले होते.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामातली. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको कोयता घेऊन गेलेले. बाईला सातवा महिना संपत आला होता, तरी ती डोक्यावर मोळ्या वाहत होती. खाडा केला की पैसे कापले जातात, मग बसणार कशी? एके पहाटे कोपीतच कळा सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली. मुलीचे वजन भरले १३०० ग्रॅम. तिथे काचेची पेटी नव्हती. जिल्हा रुग्णालयातल्या पेट्या भरलेल्या होत्या. म्हणून बापाने लेकीला साठ किलोमीटरवरच्या एका खासगी रुग्णालयात नेले. आई तालुक्यालाच राहिली आणि दोन दिवसांनी तिला कोपीवर पाठवून देण्यात आले. इकडे कोपीत आईची छाती दुधाने दाटून ती तापाने फणफणत होती आणि तिकडे तिच्या लेकीच्या पोटात नळीने डब्यातल्या पावडरचे दूध जात होते. त्या नऊ दिवसांत आईला लेकीजवळ आणून बसवावे, असे कुणालाही वाटले नाही.

त्या मुलीला जो आजार झाला, त्याला डॉक्टर 'नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस' म्हणतात. दवाखान्यात थोडक्यात 'एनईसी' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर नवजात बाळाच्या आतड्याला सूज येते, त्यात जंतू शिरतात आणि आतड्याचा काही भाग जिवंतपणीच मरू लागतो. हा मुख्यतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा आजार आहे. १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या शंभर बाळांमागे साधारण पाच ते दहा बाळांना तो गाठतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगतात. ज्यांना होतो, त्यांच्यातली शंभरात वीस-तीस बाळे दगावतात. ऑपरेशनची वेळ आली तर हे प्रमाण आणखी वाढते.

असे का होते? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे फुप्फुस कच्चे असते, हे आता खेड्यातही माहीत आहे. तसेच त्याचे आतडेही कच्चे असते. आतड्याचे अस्तर पातळ, त्याला होणारा रक्तपुरवठा नाजूक, आणि चांगले-वाईट जंतू ओळखून लढणारी शक्ती अजून तयार व्हायची असते. म्हणून जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दूध सुरू झाल्यावर, हा आजार बहुधा डोके वर काढतो. पहिली लक्षणे साधी दिसतात. पाजलेले दूध पोटात तसेच राहते, बाळ मलूल होते, पोट फुगते. मग हिरवी-पिवळी उलटी होते, शौचात रक्त येते, बाळ मध्येच श्वास घ्यायचे थांबते. इथून पुढे दिवस हातात नसतात, तास असतात.

उपचार आहेत आणि ते जगभर ठरलेले आहेत. संशय येताच तोंडाने किंवा नळीने दूध देणे पूर्ण बंद करायचे. नाकातून पोटात नळी घालून साठलेली हवा आणि पाणी बाहेर काढायचे. शिरेतून सलाईन, प्रतिजैविके आणि पोषण द्यायचे. दर काही तासांनी पोटाचा एक्स-रे काढायचा. आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले की निदान पक्के होते. आजाराच्या तीव्रतेच्या पायऱ्या मार्टिन बेल या शल्यविशारदाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडल्या. त्याच थोड्या सुधारणांसह आजही वापरल्या जातात. अनेक बाळे सात ते चौदा दिवसांच्या या उपचाराने ऑपरेशनशिवाय बरी होतात. मात्र आतड्याला भोक पडले किंवा आतडे सडले, तर बालशल्यविशारद लागतोच. मेलेला भाग कापून काढतात आणि आतड्याचे तोंड पोटावर काढून शौचाला तात्पुरती वाट करून देतात. पुढे काही आठवड्यांनी ती वाट बंद करून आतडे जोडतात. बाळ फारच अशक्त असेल तर आधी पोटात फक्त एक बारीक नळी ठेवून घाण बाहेर काढतात. आतडे फार कापावे लागले, तर उरलेल्या आतड्यावर अन्न पचत नाही आणि पुढची कित्येक वर्षे त्या कुटुंबाची कसोटी पाहतात.

त्या रात्री मी त्या रुग्णालयात फोन केला, वकील म्हणून नाव सांगितले आणि पाठवणीची चिठ्ठी व सगळे एक्स-रे बापाच्या हाती द्यायला सांगितले. आमच्या कार्यकर्त्यांनी १०८ची रुग्णवाहिका बोलावली. पहाटे मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचली. दुपारी ऑपरेशन झाले. तिथल्या एका परिचारिकेने पहिला प्रश्न विचारला, "हिची आई कुठंय?" दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते आईला घेऊन आले. त्या परिचारिकेने तिला दर तीन तासांनी दूध पिळून काढायला शिकवले. आतडे सावरल्यावर आईचे तेच दूध नळीने, एक-दोन मिलिलीटरपासून सुरू झाले. मुलगी जगली. आता ती अंगणवाडीत जाते. तिच्या पोटावर आडवा व्रण आहे.

पण मला झोप लागू देत नाही ती शेजारच्या पेटीतली गोष्ट. त्याच रुग्णालयात, त्याच आजाराचे आणखी एक बाळ आले होते. त्याच्या बापाकडे कुठल्या वकिलाचा नंबर नव्हता. तो तीन दवाखाने फिरून दीड दिवस उशिरा आला होता. ते बाळ गेले. वकिलाच्या ओळखीने एक लेकरू वाचते आणि ओळख नाही म्हणून दुसरे मरते, तर त्याला हक्क कसे म्हणायचे? ती मेहेरबानी झाली. आणि मेहेरबानीवर जगायचे नाही, हेच तर आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लेकराच्या मरणाचे दुःख पुस्तकातून कळले नव्हते. माता रमाई आणि बाबासाहेबांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६च्या जुलैत. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८च्या जुलैत, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा खर्च मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा त्यांनी अधिक भक्कम केला. राज्यघटनेच्या कलम ४२ मध्ये प्रसूती साहाय्य आहे, कलम ४७ मध्ये पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य आहे आणि कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे. आपली ऊसतोड करणारी बहीण या तिन्ही कलमांच्या बाहेर कशी राहिली? १९६१चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये दुरुस्त होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. पण फडात राबणाऱ्या बाईला रजा देणार कोण? तिला मालक म्हणून कारखाना ओळख देत नाही, मुकादमही देत नाही. पंतप्रधान मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे पाच हजार रुपये ही तिच्या बुडणाऱ्या मजुरीची भरपाई होऊ शकत नाही.

हा मुद्दा मी आतड्याच्या आजाराशी का जोडतो, असे कुणी विचारेल. कारण या आजारावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बाळ दिवस भरून जन्माला येणे. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली. कोणत्याही एका देशातली ही सर्वांत मोठी संख्या. रक्तक्षय, जड काम, उपासमार, वेळेवर तपासणी नसणे ही त्यामागची ओळखीची कारणे कोणत्या वस्त्यांत राहतात, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. कळा लवकर सुरू झाल्याच, तर आईला वेळेत दिलेल्या स्टिरॉइडच्या स्वस्त इंजेक्शनांमुळे बाळाचे फुप्फुस पक्व होते आणि आतड्याच्या या आजाराचा धोकाही कमी होतो. ती इंजेक्शने गावपातळीवर मिळायला हवीत.

दुसरा उपाय म्हणजे आईचे दूध. इंग्लंडमध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त डब्याच्या दुधावर ठेवलेल्या बाळांमध्ये हा आजार फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त आढळला. याचा अर्थ डब्याचे दूध विष आहे असा नाही. आईचे दूध मिळूनही काही बाळांना हा आजार होतो आणि कधी कधी डब्याच्या दुधाशिवाय पर्यायच नसतो. म्हणून कुठल्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. दोष आहे तो आईला लेकरापासून साठ किलोमीटर दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा.

अमेरिकेत हाच प्रश्न न्यायालयात गेला आहे. मार्च २०२४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या ज्युरीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दूध बनवणाऱ्या मीड जॉन्सन कंपनीविरुद्ध ६ कोटी डॉलरचा, तर जुलैमध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने अॅबट कंपनीविरुद्ध ४९.५ कोटी डॉलरचा निकाल दिला. धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, हा मुख्य आरोप होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच दुसऱ्या ज्युरीने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला आणि मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशाने त्या खटल्याची फेरसुनावणी करण्याचा आदेश दिला. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणांचे म्हणणे असे की, डब्याच्या दुधामुळेच आजार होतो असा पक्का पुरावा नाही. आईचे दूध मात्र संरक्षण देते याचा पुरावा भक्कम आहे. वकील म्हणून मी कारणमीमांसेचा हा वाद समजू शकतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतही कृष्णवर्णीय मातांची बाळे गोऱ्या मातांच्या बाळांच्या सुमारे दीडपट प्रमाणात दिवस भरण्याआधी जन्मतात. तिथे वर्ण आहे, इथे जात आहे. वंचितांच्या लेकरांचे वजन सगळीकडे कमीच भरते.

उपाय शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, धारावीच्या उशाशी, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ज्या मातांना दूध जास्त येते, त्या आपल्या मर्जीने दान करतात. त्यांची रक्ततपासणी होते, दूध साडेबासष्ट अंश तापमानाला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात आणि ज्यांच्या आईचे दूध मिळत नाही अशा बाळांना देतात. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या स्पर्शाने बाटते म्हणून गोमूत्राने शुद्ध करणारा हा समाज! त्याच समाजात धारावीतल्या कष्टकरी बाईचे दूध कुणाच्याही लेकराचा जीव वाचवते आणि त्या बाटलीला कुणी जात विचारत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. मग प्रत्येक जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता कक्षाशेजारी असे केंद्र आणि आईला राहायला एक खाट का नसावी? दूध विकण्याचा धंदा मात्र होऊ देता कामा नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये मातेच्या दुधाच्या व्यापारी विक्रीला परवानगी नसल्याचे स्पष्ट केले आहे.

आता कायद्याचे बोलू, कारण कागदावर आपल्याकडे पुष्कळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या मुलीची डोळ्यांची तपासणी न झाल्याने तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. म्हणजे काचेच्या पेटीतले बाळसुद्धा या देशाचे पूर्ण नागरिक आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण सारे मोफत आहे. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाला त्यांनी आधी अनामत न मागता दाखल करून घ्यायचे आहे. खासगी रुग्णालयाकडे उपचाराची कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. दुधाच्या डब्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना आमिष दाखवणे याला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इतके कायदे असताना जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात होती. कायद्याची अंमलबजावणी मागणारा समाज जागा नसेल तर कायदे कपाटात राहतात.

आपल्याही घरातले थोडे झाडले पाहिजे. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की गरम विळ्याने चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. आदिवासी बांधवांना नावे ठेवण्याआधी आपल्या वस्तीत पाहा. पोट फुगले की ओवा, बाळगुटी, नजर काढणे आणि अंगारा सुरूच आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा कशाला? एवढ्या लहान बाळाचे फुगलेले पोट आणि हिरवी उलटी दिसली की घरगुती काहीही तोंडात न घालता थेट मोठे रुग्णालय गाठायचे. हिरवी उलटी दिवस भरलेल्या बाळालाही झाली तरी ती आतडे अडल्याची खूण असू शकते. तिथेही वाट पाहायची नाही.

म्हणून माझी प्रत्येक विहार समितीला आणि महिला मंडळाला विनंती आहे. वस्तीतल्या गरोदर भगिनींची यादी करा. कोण सातव्या महिन्यातही कामावर जाते, कुणाचे रक्त कमी आहे, याची दर रविवारी वंदनेनंतर चौकशी करा. विहाराच्या भिंतीवर १०२ आणि १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. बाळ पेटीत असेल तर आईला त्याच्याजवळ नेऊन बसवा. तिचे जेवण आणि तिचा प्रवास मंडळाने उचलावा. रुग्णालयाने पैशासाठी अडवले तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे पद वहीत लिहून ठेवा. पुढची लढाई लढायला वकिलाला तीच वही लागते.

त्या रात्रीचा फोन मला आला, कारण त्या तरुणाच्या खिशात एका सभेतले पत्रक होते आणि त्यावर माझा नंबर होता. शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या बापापर्यंत आपल्यापैकी कुणीही पोहोचले नव्हते. ते काम आता तुमचे आणि माझे आहे.

जयभीम!